पोटखराब्यातला खेळ

मोर्णेच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या तटाच्या आश्रयाने वाढलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरात ज्याचे बालपण गेले, त्याला पाण्याच्या दोन जाती असतात हे अक्षरओळखीच्या आधीच उमगलेले असते. औरंगजेबाच्या अमदानीत, वजीर असदखानाच्या नावाने, सतराव्या शतकाच्या अखेरीस जो तट उभा राहिला त्याच्या एका दरवाजास दहीहांडा वेस म्हणतात. आणि ते दहीहांडा गाव उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात, आम्ही ज्याला खारपाणपट्टा म्हणतो त्या मुलखात आहे. तिथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. १९३० साली गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले, तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडास मिठाचा सत्याग्रह कुठे करावा याचा फार विचार करावा लागला नाही. दहीहांड्याच्या विहिरींचे पाणी आटवून आमच्या सत्याग्रहींनी कायदा मोडला. पुढे भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामावर असताना या पट्ट्यातील शिवारे मी उन्हातान्हात पायांखाली घातली, धुऱ्यांचे तंटे ऐकले, आणि सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून जो एक केविलवाणा रकाना असतो, म्हणजे खातेदाराच्या नावावर असूनही पिकास निरुपयोगी आणि म्हणून आकारणीतून वगळलेली जी जमीन, तिचे क्षेत्र हजारो वेळा लिहून काढले. त्या रकान्यातील जमिनीवर जगातील एका खेळाने केवढा संसार मांडला आहे याची मात्र नोकरीच्या साऱ्या हयातीत मला वार्ता नव्हती.

ती वार्ता मिळाली भाच्यामुळे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पदार्थविज्ञान शिकून दक्षिण कोरियात संशोधनासाठी जाणाऱ्या मराठी मुलांची गेल्या काही वर्षांत एक वहिवाटच पडली आहे, आणि त्या वहिवाटीने तोही जिओंजू शहरातील जिओनबुक राष्ट्रीय विद्यापीठात जाऊन पोचला. दुसऱ्या कोणी मला राजवाड्यांचे किंवा बुद्धमंदिरांचे आमिष दाखविले असते. त्याने फोनवर एवढेच सांगितले की, ‘मामा, तुमच्यासारख्यानं पाहावी अशी जमीन आहे इथं, या एकदा.’ मामाचा स्वभाव त्याने बरोबर हेरला होता. दसरा आटोपला, वऱ्हाडात कापसाची बोंडे फुटू लागली, आणि मी इंचॉनच्या विमानतळावर उतरलो.

इंचॉनहून बस दक्षिणेकडे निघाली की बराच वेळ डोंगर पाठ सोडत नाहीत. या देशाचा सुमारे सत्तर टक्के भूभाग डोंगराळ आहे. दोन टेकड्यांच्या बेचक्यात सापडेल तेवढी चिंचोळी जमीन भातासाठी राखलेली, आणि वस्ती उंच इमारतींत एकावर एक रचलेली. असे कित्येक कोस गेल्यावर होनामचे मैदान लागते, आणि डोंगर एकाएकी बाजूला सरून दृष्टीस क्षितिजापर्यंत मुभा मिळते. कोरियन माणसास क्षितिजाची सरळ रेषा पाहावयाची असेल तर त्याने गिम्जेच्या शिवारात यावे, असे तिथे अभिमानाने सांगतात. मूर्तिजापूर ते शेगाव आगगाडीच्या खिडकीतून जी रेषा आम्ही रोज फुकट पाहतो, तिच्यासाठी इतरांना प्रवास करावा लागतो, हे ऐकून मला मौज वाटली.

भाच्याचे मार्गदर्शक प्राध्यापक हे गोल्फचे शौकीन. पाहुणा जमीन मोजणाऱ्या खात्यातला आहे हे कळताच त्यांनी निर्णय दिला की, अशा गृहस्थास जिओंजूची जुनी कौलारू घरे दाखविण्यापेक्षा गुन्सानचा सातचा होल दाखविणे अधिक उचित. एका स्वच्छ, वाऱ्याच्या सकाळी आम्ही तिघे त्यांच्या गाडीतून निघालो. जिओंजूहून गुन्सानला जाणारा जुना रस्ता १९०८ सालचा. आज त्याच्या कडेने चेरीची झाडे आहेत, पण तो बांधला गेला तेव्हा त्याचे प्रयोजन शोभेचे नव्हते, होनामचा तांदूळ लवकरात लवकर बंदरावर पोचविण्याचे होते. भात कापून झाले होते. रिकाम्या वाफ्यांतून पेंढ्याचे मोठाले गोल गठ्ठे पांढऱ्या प्लास्टिकात घट्ट गुंडाळून ठेवलेले होते. शेताच्या कडेला, सरकीच्या ढिगाशेजारी मूल झोपवावे तसा एक म्हातारा त्यांतल्या एका गठ्ठ्याला टेकून निवांत डुलक्या घेत होता.

गुन्सान गावात प्राध्यापकांनी गाडी मुद्दाम बंदरावरून नेली. गुम नदीच्या मुखाशी वसलेले हे बंदर १८९९ साली परदेशी व्यापारास खुले झाले, आणि पुढे जपानी अमलात त्याचे एकच काम होऊन बसले: मैदानातला तांदूळ गोळा करून जपानकडे रवाना करणे. १९०८ साली बांधलेले लाल विटांचे कस्टमचे कार्यालय अद्याप सुस्थितीत आहे. पीतसमुद्राची भरती-ओहोटी इतकी मोठी की स्थिर धक्क्यास जहाज लावणे कठीण, म्हणून पाण्याबरोबर वर-खाली होणारे तरंगते धक्के बांधले. तेही अजून दिसतात. मी ते पाहात उभा राहिलो तेव्हा मला आमचे खामगाव आठवले. अमेरिकेतील यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे या मुलखात धावत आली, आणि १८७० साली खामगावच्या कापूसबाजारासाठी काढलेला फाटा खुला करण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर राहिला; इंग्रजांनी १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड घेतला तो त्याच्या काळ्या मातीवर डोळा ठेवूनच. गुन्सानचा कथाकार छे मान-सिक याने १९३७-३८ मध्ये लिहिलेली एक कादंबरी याच गावात घडते, आणि तिच्यात तांदळाच्या वायदेबाजारात बुडालेली माणसे आहेत, असे प्राध्यापकांनी सांगितले. रुईच्या तेजीमंदीत गेलेल्या घराण्यांच्या कथा आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर निघत असत. त्यामुळे ती कादंबरी न वाचताही तिच्यातील माणसे मला परिचित वाटली.

गोल्फचे मैदान गावाबाहेर समुद्राच्या बाजूस आहे. वाटेत कानठळ्या बसविणारा आवाज करीत एक लढाऊ विमान डोक्यावरून गेले. अमेरिकेचा हवाई तळ याच शिवारात आहे, आणि मैदानाची हद्द त्याच्यापासून फार दूर नाही. गुन्सान कंट्री क्लबात अठरा नव्हे, एक्याऐंशी होल आहेत, आणि ते सर्व एकेकाळच्या मिठागरांवर उभे आहेत. मिठाचा धंदा बसला, वाफे ओस पडले, भाताला ती जमीन घेईना. मग कोणीतरी तिथे माती ओतली, गवत लावले, जुन्या पाण्याचे तलाव केले. त्या मैदानाच्या भागांना आसपासच्या गावांची नावे दिलेली आहेत. जोंगअप या भागातील तिसरा होल हा जगातील सर्वांत लांब होलांमध्ये अग्रगण्य गणला जातो: लांबी १००४ मीटर, म्हणजे १०९८ यार्ड, आणि त्याचा पार सात.

ज्यांस या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. टी नावाच्या ठिकाणाहून चेंडू मारावयाचा आणि दूरवरच्या ग्रीनवरील भोकात घालावयाचा. चांगल्या खेळाडूस ज्या फटक्यांत हे साधावे असे अपेक्षित असते तो आकडा म्हणजे पार. बहुतेक सर्व मैदानांवर पार तीन, चार किंवा पाच असतो. हा आकडा कोण ठरवितो असे मी विचारले तेव्हा प्राध्यापकांनी एक तक्ता सांगितला, आणि तो ऐकून माझ्यातला जुना कारकून जागा झाला. जागतिक हँडिकॅप पद्धतीप्रमाणे पुरुषांसाठी २६० यार्डांपर्यंत तीन, २४० ते ४९० पर्यंत चार, ४५० ते ७१० पर्यंत पाच, आणि ६७० च्या पुढे सहा. तक्ता सहावर संपतो. सातचा त्यात ठाव नाही. या तक्त्यातील हद्दी मुद्दाम एकमेकींवर चढविल्या आहेत हे माझ्या ध्यानात आले: २५० यार्डांचा होल तीनचाही असू शकतो, चारचाही, चढउतार, वळण, अडथळा पाहून तो निर्णय स्थानिक अंमलदाराने करावयाचा. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी केली तेव्हा हेच केले होते. मातीची प्रतबंदी करावयाची, खोली पाहावयाची, बाजाराचे अंतर धरावयाचे, आणि शेतावर एक आकार बसवावयाचा, जो तीस वर्षे हलत नसे. आकार म्हणजे त्या जमिनीकडून न्यायाने किती मागता येईल याचा सरकारी अदमास. पार हा गवतावरचा आकार आहे, एवढे समजल्यावर गोल्फ मला परका राहिला नाही.

सातच्या टीवर आम्ही पोचलो तेव्हा समुद्राकडून वारा समोर येत होता. एका बाजूने पाणी, त्याच्या काठी वाळू लागलेली लव्हाळी, आणि मध्ये गवताचा तो पट्टा, जो पुढे पुढे जात इतका निमुळता होत होता की शेवटचे निशाण मला दिसेना. भाच्याने बोटाने दाखवूनही दिसेना. प्राध्यापकांनी पाहुण्याच्या सन्मानार्थ सर्वांत मागची टी पत्करली. चेंडूचा व्यास दीड इंचाहून थोडा अधिक, भोकाचा सव्वाचार इंच, आणि दोहोंमध्ये हे अंतर. मी मनात हिशेब केला. आमच्या जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. चाळीस गुंठ्यांच्या एकराचा सारा पसारा त्या साखळीवर उभा. १००४ मीटरांचे ३२९४ फूट होतात. म्हणजे शंभर साखळ्यांना जेमतेम सहा फूट कमी. शंभर साखळ्या सरळ, मध्ये एकही धुरा नाही, बाभूळ नाही, पांदण नाही, कोणाची विहीर नाही, आणि ‘साहेब, ही खूण माझ्या आज्याच्या वेळची आहे’ असे सांगणारा एकही खातेदार नाही! माझ्या सबंध नोकरीत मी अशी साखळी टाकली नव्हती.

प्राध्यापकांचा पहिला फटका सुरेख गेला. दुसराही मध्यभागी पडला. गाडीत बसण्याऐवजी मी पायी निघालो तेव्हा भाचा मागून ओरडला, ‘मामा, येवढ्या दूर पायी कायले जाता? बसा नं गाडीत!’ पण जमीन चाकावरून कळत नाही. पायाखाली गवत दाट होते, त्याखालची माती दबत नव्हती. भराव असलेल्या जमिनीचे हे लक्षण मी ओळखतो. तिसरा फटका वाऱ्याने अडविला आणि चेंडू अपेक्षेच्या बराच अलीकडे पडला. चौथा उजवीकडे झुकला, लव्हाळीवरून गेला आणि पाण्यात पडल्याचा बारीक आवाज झाला. त्याबद्दल एक फटका दंड. नवा चेंडू काठावर टाकून सहावा मारावा लागला. सातवा, म्हणजे ज्यावर खरे तर सारे आटोपावयाचे, तो पडला तेव्हा निशाण नुकते कुठे स्पष्ट दिसू लागले होते. आठवा, नववा, आणि चेंडू ग्रीनवर. दहावा भोकाच्या दोन फूट अलीकडे थांबला. प्राध्यापक वाकले, चष्मा पुसला, आणि घरातील माणूस दाराची कडी लावतो तितक्या सहज त्यांनी तो आत ढकलला. अकरा.

त्या अकराव्या फटक्याने मला फार विचारात पाडले. पहिल्या फटक्याने चेंडू जवळजवळ दोनशे मीटर नेला होता. शेवटच्याने दोन फूट. हिशेबाच्या वहीत दोहोंची नोंद एकच. आखूड होलावर हे खटकत नाही, कारण तिथे दोन-चारच नोंदी असतात. परंतु शंभर साखळ्यांच्या अंतरावर खेळाचा हा विलक्षण कायदा उघडा पडतो. लांबीमुळे खेळाडूस सवलत मिळेल असे वाटते, कारण फटके अधिक दिलेले असतात. प्रत्यक्षात चुकण्याच्या जागाच वाढतात, आणि शेवटच्या दोन फुटांवर वृत्ती तितकीच एकाग्र ठेवावी लागते. लांब आयुष्यात म्हाताऱ्यांना सोपे जाते असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

‘सातावर चार चढ,’ प्राध्यापक हसून म्हणाले. मग त्यांनी हँडिकॅप समजावून दिला. त्यांच्या दर्जाच्या खेळाडूस या होलावर दोन फटक्यांची सूट होती. ती वजा जाता बाकी दोन. मी म्हणालो की, वारा कोणी हिशेबात धरला? भाच्याने भाषांतर केले आणि प्राध्यापकांनी मान हलविली: वारा तक्त्यात नाही. तिथेच माझ्या मनातले आकारणीचे कोडे सुटले. वऱ्हाडातील शेतकऱ्यावर आकार बसला तो मातीवर, पावसावर नाही. पाऊस दगा देई, आकार तसाच राही, आणि मग सुटीसाठी, तहकुबीसाठी अर्ज येत. पुढे पीक पाहून आणेवारी ठरविण्याचा शिरस्ता पडला, आणि आज पैसेवारी पन्नासच्या आत आली की नाही यावर गावेच्या गावे डोळे लावून बसतात. आकार जमिनीकडे पाहून ठरतो, भरणा मात्र त्या दिवशीच्या आभाळाखाली उभ्या असलेल्या माणसास करावा लागतो. जो तक्ता केवळ लांबी पाहतो त्याला सूट द्यावीच लागते, नाही तर तो तक्ता न राहता जुलूम होईल. गोल्फ खेळणाऱ्यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली आणि हँडिकॅप हा खेळाचाच भाग केला. आमच्या महसुलाच्या इतिहासात सूट ही नेहमी उपकार म्हणून, दुष्काळ पडल्यावर, उशिरा आली.

विसाव्याच्या टपरीत उकडलेली अंडी आणि चहा घेताना प्राध्यापकांनी जगभरच्या लांब होलांची यादी सांगितली. जपानच्या तोचिगी प्रांतात सानो येथे सातसुकी क्लबाचा सातवा होल ९६४ यार्डांचा, त्याचाही पार सात. अमेरिकेत व्हर्जिनियातील मेडोज फार्म्सचा बारावा ८४१ यार्डांचा, पार सहा. मग त्यांनी आवाज खाली करून, एखाद्या मोठ्या दप्तराचा शेवटचा कागद काढावा तसे आणखी काही सांगितले. ऑस्ट्रेलियातील नल्लारबोर या वृक्षहीन पठारावर अठरा होलांचे एक मैदान १३६५ किलोमीटरांवर पसरले आहे. एक होल खेळावयाचा, मोटारीने पुढच्या वस्तीस जावयाचे आणि तिथे दुसरा. अमेरिकेत फ्लॉइड रूड नावाच्या गृहस्थाने १९६३-६४ मध्ये एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत चेंडू मारीत नेला: १,१४,७३७ फटके, हरवलेले चेंडू ३५११. आंद्रे तोल्मे या स्थापत्य अभियंत्याने सबंध मंगोलियाच गोल्फचे मैदान मानून पार ११,८८० ठरविला आणि २००४ साली १२,१७० फटक्यांत तो देश पार केला; म्हणजे २९० चढ. आपला आकार आपणच बसवावा आणि तरीही बाकी राहावी, हा मनुष्यस्वभाव मी कितीतरी खातेउताऱ्यांत पाहिला आहे.

ही यादी ऐकताना तिच्यातील एक साम्य मला दिसू लागले. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात कुंपण नाही. नल्लारबोरवर झाड उगवत नाही. गुन्सानला मिठाने शेत होऊ दिले नाही. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज, जिथे १७६४ साली बावीस होल कमी करून अठरा केले आणि पुढे साऱ्या जगाने ती संख्या पत्करली, ते मैदानही समुद्र आणि शेती यांच्यामधील वालुकामय पट्टीवर आहे, जिथे नांगर चालत नाही म्हणून मेंढ्या चरत आणि माणसे चेंडू मारीत. हिंदुस्थानात हा खेळ इंग्रजांबरोबर आला, कलकत्त्यास १८२९ मध्ये आणि मुंबईस १८४२ मध्ये क्लब निघाले, आणि लष्करी छावण्यांतून तो पसरला. तिथे मात्र त्याला जमीन सरकारी हुकुमाने मिळाली. मूळचा खेळ पोटखराब्यातला. जगातल्या या लांबलचक होलांचे खरे अभियंते कोणी वास्तुकार नव्हेत. वाळू, मीठ आणि वारा यांनी ती जमीन नांगरापासून वाचवून ठेवली, म्हणून तिच्यावर शंभर साखळ्या सरळ टाकता आल्या.

परत येताना मी पाण्याच्या काठी थोडी माती बोटाने उकरून जिभेस लावली. प्रतबंदी करणाऱ्या जुन्या लोकांची ही सवय. हल्ली प्रयोगशाळा आहेत, पण जीभ फुकट आहे. किंचित खारट होती. भाचा ते पाहून म्हणाला, ‘मग मामा, आपल्या खारपाणपट्ट्यात आठचा होल का नाही होणार? इतकी सपाट जमीन आहे.’ प्राध्यापकांनाही ही कल्पना पसंत पडली. मी त्यांस सांगितले की, आमची खारी जमीन ओस पडलेली नाही. विहिरीचे पाणी पिकाला घालता येत नाही हे खरे. परंतु पावसाच्या ओलीवर तिथे कापूस येतो, तूर येते, आणि पावसाळ्यात पडीत ठेवून रब्बीत पेरलेला हरभरा येतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने, जे १९६९ साली स्थापन झाले आणि पंजाबराव देशमुखांच्या नावाने प्रसिद्ध आहे, त्या मातीवर पुष्कळ अभ्यास केला आहे. तिथे प्रत्येक आऱ्यावर कोणाचे ना कोणाचे नाव आहे, आणि त्या नावामागे एक कर्जाचा बोजा आहे. ज्या जमिनीस वारस असतो तिच्यात खेळ मांडता येत नाही.

संध्याकाळी प्राध्यापकांनी आम्हांस सेमान्गमच्या बांधावर नेले. १९९१ मध्ये सुरू झालेले हे काम २०१० साली पुरे झाले: समुद्रात ३३.९ किलोमीटर लांबीची भिंत, गुन्सानपासून बुआनपर्यंत, आणि तिच्या आत सुमारे चारशे चौरस किलोमीटर पाणी व नवी जमीन. भिंतीवरून मोटारी धावत होत्या. एका अंगास खवळलेला पीतसमुद्र, दुसऱ्या अंगास शांत पाणी आणि मधूनमधून उघडा पडलेला चिखल. एवढी भूमी सृष्टीच्या आरंभापासून कोणाच्याही सातबाऱ्यावर चढलेली नाही, या विचाराने मी काही वेळ अगदी हरखून गेलो. मोजणीच्या माणसास याहून मोठे स्वप्न पडू शकत नाही. मी विचारले की, ही आता कोणाची? प्राध्यापक प्रथमच त्या दिवशी गंभीर झाले. गुन्सान म्हणते आमची, गिम्जे म्हणते आमची, बुआन म्हणते आमची. भिंतीचा कोणता तुकडा कोणत्या गावाच्या हद्दीत, यावरून तिन्ही पालिका देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्या, आणि जमीन पुरती वाळण्यापूर्वीच तिच्या सीमेचे निकाल लागू लागले.

मिठागरे ओस होती तोवर त्यांच्यावर हजार मीटरांचा होल कोणी आखला तरी कोणाची हरकत नव्हती. समुद्रातून उपयोगाची जमीन निघते आहे असे दिसताच तीन गावांनी वकील दिले. ज्या भूमीवर कोणाचा हक्क नाही तिथे माणूस एवढ्याशा चेंडूसाठी शंभर साखळ्या मोकळ्या सोडतो, आणि हक्क लागला की वीतभर धुऱ्यासाठी दोन पिढ्या कोर्टात घालवितो. भाच्याने हे प्राध्यापकांस भाषांतर करून सांगितले. ते मोठ्याने हसले, आणि त्यांनी विचारले की, हिंदुस्थानात असे दावे किती वर्षे चालतात. त्या प्रश्नाचे उत्तर देता देता आम्ही जिओंजूला पोचलो, आणि उत्तर अद्याप अर्धेही झाले नव्हते.